तिसऱ्यांदा लिहिलेली स्क्रिप्ट

‘पीडीएफ लहान’ टाइप केलं आणि एकाच कामाच्या तीन स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या छोट्या फाइली, समोर आल्या. तिन्ही माझ्याच. तिसरीच्या डोक्यावर कमेंट: ‘हे आधी कुठेतरी लिहिलंय, सापडत नाहीये.’

हसावं की रडावं!

शोधायचं टूल आजच जुळवलं. टूल कसलं, वीसेक ओळींचा जुगाड. प्रत्येक स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीत काम काय ते साध्या मराठीत. ग्रेप हा मजकूर शोधणारा प्रोग्राम त्या ओळी गोळा करतो, मग एफझेडएफ दाखवतो त्या यादीतून हवी ती निवडायची. एवढे दिवस कंट्रोल-आर दाबत हिस्टरीच्या, म्हणजे आधी दिलेल्या कमांडच्या यादीच्या, भरवशावर होतो. कमांड चालवणारा बॅश सेटिंग बदललं नाही तर 500च कमांड लक्षात ठेवतो, हे फार उशिरा कळलं.

जुन्या दोन उडवणार होतो. पण एकीत पीडीएफ लहान करणाऱ्या घोस्टस्क्रिप्टला ‘ईबुक’ सांगितलंय, म्हणजे चित्रं 150 डीपीआय, इंचाला 150 ठिपके. दुसरीत ‘स्क्रीन’, 72. तेव्हा काहीतरी विचार केला असेलच ना मी?