क्षमा आधी, भरपाई नंतर

आज सदरमधील चर्चमध्ये उपासनेनंतर एका तरुण बांधवाशी बराच वेळ बोलणे झाले. भावाशी केलेल्या पैशांच्या व्यवहारात आपण अप्रामाणिकपणा केला, म्हणून ते पैसे पूर्ण फिटेपर्यंत प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ चर्चमध्ये घेतली जाणारी भाकर आणि द्राक्षारस) घ्यायचे नाही, असे त्याने ठरवले होते. (त्याच्या संमतीनेच हे लिहीत आहे.)

त्याचा पश्चात्ताप खरा आहे, परंतु त्याने लावलेला क्रम मला चुकीचा वाटतो. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात जकातदारांचा प्रमुख जक्कय लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन देतो, ते येशूने त्याच्या घरी उतरण्याचे स्वतःहून सांगितल्यानंतर. आधी हिशेब चुकता कर, मग येतो, अशी अट येशूने घातली नव्हती. येशूचा शिष्य पेत्र याने तर प्रभूला तीनदा नाकारले होते, तरी पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयीच विचारले आणि आपली मेंढरे, म्हणजे आपले अनुयायी, त्याच्याच हाती सोपवली.

याचा अर्थ पैसे बुडवावेत असा मुळीच नाही. जक्कयाने परतफेडीचे वचन दिलेच, आणि स्वतःहून दिले. आम्ही दोघांनी प्रार्थना केली. तो याच आठवड्यात भावाला भेटून हप्ते ठरवणार आहे, आणि पुढच्या प्रभुभोजनाला येणार आहे.