सोलेंटच्या पाण्यावरची शिस्त

इंग्लंडमध्ये घरी टीव्ही पाहायचा असला तरी परवाना काढावा लागतो. मात्र स्वतःची लहान बोट हौसेखातर समुद्रात न्यायला चालकाजवळ कोणताही परवाना असण्याची सक्ती नाही. हे मला गेल्या शनिवारी समजले आणि अजूनही ते पचनी पडलेले नाही. साउदॅम्प्टनमधले आमच्या शेजारचे निवृत्त काका-काकू आम्हाला आपल्या शिडाच्या बोटीतून फिरायला घेऊन गेले होते. हॅम्बल नदीतून सोलेंटच्या सामुद्रधुनीत उतरायचे, समोरच्या आइल ऑफ वाइट बेटावरील काउज आणि यारमथ येथे निवांत थांबायचे आणि उजेड असेतो परतायचे, एवढाच बेत होता.

हॅम्बलच्या दोन्ही काठांना डोलकाठ्यांचे रान माजलेले आहे आणि त्यामधून जाताना वेगाची मर्यादा आहे ६ नॉट, म्हणजे ताशी जेमतेम ११ किलोमीटर. आमच्या मागे एक प्रचंड मोटरबोट होती. तिच्या इंजिनांना आम्हाला मागे टाकायला क्षणही लागला नसता, परंतु नदीचे मुख येईपर्यंत ती निमूटपणे आमच्या मागेच राहिली. मी कारण विचारले तेव्हा काकांनी धक्क्याला बांधलेल्या एका बोटीकडे बोट दाखवले. तिच्या उघड्या झरोक्यातून चुलीवरचे भांडे दिसत होते. वेगाने गेलेल्या बोटीमागे जी लाट उठते, तिने बांधलेल्या बोटी एकमेकींवर आदळतात, दोरांना हिसके बसतात आणि ते उकळते पाणी कोणाच्या तरी अंगावर सांडते. गस्तीची बोट कुठेही दिसत नव्हती, तरीही त्या मोटरबोटीच्या मालकाने हा विचार केला होता, याचे मला मनापासून कौतुक वाटले.

परवाना नाही म्हणजे नियम नाहीत, असे मात्र नव्हे. निघण्यापूर्वी हवामान आणि भरती-ओहोटी पाहून प्रवासाचा बेत आखणे हौशी नावाड्यालाही कायद्याने बंधनकारक आहे आणि बोटीवरचा रेडिओ वापरण्यासाठी परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. कॅलशॉटच्या पुढे कंटेनर वाहणारे एक अवाढव्य जहाज येताना दिसले. साउदॅम्प्टनच्या वाटेवरील ठरावीक पट्ट्यात १५० मीटरहून लांब जहाजाच्या पुढे १,००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर एवढे पाणी लहान बोटींना वर्ज्य असते. काकांनी कितीतरी आधीच दिशा बदलली, कारण तसले जहाज मनात आणले तरी चटकन थांबू किंवा वळू शकत नाही.

काउज हे शिडाच्या शर्यतींचे माहेरघर असून तेथील स्पर्धा १८२६ सालापासून भरते आहे. मरीनात, म्हणजे हौशी बोटींच्या बंदरात, शिरण्यापूर्वी काकूंनी रेडिओवरून बोटीची लांबी सांगून जागा मागून घेतली. आम्ही तरत्या धक्क्याजवळ पोहोचलो तोच शेजारच्या बोटीत वाचत बसलेल्या एक बाई पुस्तक उपडे ठेवून उठल्या, आमचा दोर झेलून त्यांनी लोखंडी खुंट्याला वळसा दिला, मोकळे टोक काकूंच्या हाती सोपवले आणि त्या पुन्हा वाचायला बसल्या. यारमथलाही तसेच घडले. फक्त तेथे दोर एका शाळकरी मुलाने झेलला. त्याच बंदरात आरएनएलआय या संस्थेची जीवरक्षक नौका उभी होती. १८२४ साली स्थापन झालेली ही संस्था सरकारी नाही. ती मुख्यतः देणग्यांवर चालते आणि तिच्या नौकांवरचे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात.

हे सारे पाहताना मी अलिबागचा आहे हे मला विसरता येईना. भरतीच्या वेळा छापील तक्त्यातून शोधणाऱ्या काकांना मी काहीशा आवेशानेच सांगितले की, आमचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, तिथीवरून भरतीची वेळ तोंडी सांगतो, उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती त्याला लहानपणापासून ठाऊक असते, आणि भर समुद्रात दुसऱ्याची होडी बंद पडली तर तो जाळे बाजूला ठेवून तिला ओढून किनाऱ्याला आणतो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. परंतु १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळून अनेकांचे प्राण गेले, हेही खरे आहे आणि ते मी काकांना सांगितले नाही. मांडव्याच्या बोटीत जीवरक्षक जाकिटे डोक्यावरच्या फळीत करकचून बांधलेली मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

आमच्याकडे माणूस समुद्रावर जातो तो पोटासाठी, येथे जातो तो हौसेसाठी, आणि ज्याच्याजवळ वेळ आहे त्याला सावकाश जाणे परवडते, असे माझे मत आहे. मात्र प्रवासी बोटीच्या मालकाला हे कारण लागू पडत नाही, कारण जाकिटे बाकांखाली हाताशी ठेवायला त्याला वेळही लागत नाही आणि पैसाही. पुढच्या उन्हाळ्यात माझा भाऊ येथे येणार आहे. त्याची स्वतःची होडी आहे. त्याला मी हॅम्बलवर नेणार आहे, आणि तोवर रेडिओची परीक्षा देऊन ठेवण्याचे मी काकांजवळ कबूल केले आहे.