मामांची शुगर, करोना आणि पोटावरची चरबी

आमच्या लातूरकडं अजून लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की करोना जाड माणसालाच बेकार धरायचा, काडीपैलवानाला काय होत नव्हतं. पहिलं बरंचसं खरंय, जास्त वजनाचे पेशंट आयसीयूत जास्त जायचे हे जगभर दिसलं. दुसरं मात्र आमच्या मामांपुढं बोलून दाखवा. साधारण बारीक अंगाचा माणूस, २०२१ च्या एप्रिलात ॲडमिट झाले आन् घरी आले ते शुगरच्या गोळ्या घेऊन. "माझ्या अंगात चरबी हायच कुठं रे, मग मला कशानं लागली ही पीडा?" हे ते दर रिपोर्टला विचारतात, आणि मी लॅबमधे कामाला म्हणून उत्तर मीच द्यायचं.

तर आपण चरबीला कणगी समजतो, उरलेलं भरून ठेवायचं, बास. पण ती नुसती पडून नसते, लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन असली हार्मोन सोडते, तिच्यात मॅक्रोफेज नावाच्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी मुक्कामाला असतात, आणि चरबी वाढली की त्यांचीही गर्दी वाढते, आयएल-६ सारखी सूज वाढवणारी रसायनं सुटायला लागतात. दुसऱ्या लाटेत ज्या सीआरपीच्या, म्हणजे सूज असली की रक्तात वाढणाऱ्या प्रोटीनच्या, रिपोर्टसाठी लोक रात्री-अपरात्री फोन करायचे ना, ती सीआरपी लिव्हर तयार करतं ते मुख्यतः या आयएल-६ च्या सांगण्यावरूनच.

मग विषाणू खुद्द चरबीत घुसतो का, हे अमेरिकेत स्टॅनफर्डच्या टीमनं बघितलं, २०२२ मधे छापून आलं. वजन कमी करायच्या आणि हृदयाच्या ऑपरेशनमधे निघालेली माणसाची चरबी घेतली, लॅबमधे तिला करोनाची लागण करून बघितली, तर चरबीच्या पेशींनाही लागण झाली आणि त्या मॅक्रोफेजनाही. मॅक्रोफेजमधे विषाणू फार वाढला नाही पण सूज मात्र चांगलीच पेटली, आणि जवळच्या कच्च्या पेशी, ज्यांच्यापासून पुढं चरबीची पेशी होते, त्यांना लागण नसतानाही सूज आली. करोनानं गेलेल्या लोकांच्या चरबीतही विषाणूच्या खुणा सापडल्या. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं, कारण काचेच्या भांड्यात काहीही करता येतं, माणसाच्या शरीरात सापडणं वेगळं. तरी याच्यामुळंच पेशंट सिरियस झाले असं यातून सिद्ध होत नाही, हेही सांगतो.

आता शुगर. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलच्या डॉक्टरांना २०२१ मधे दिसलं की शुगर वाढलेल्या सिरियस करोना पेशंटमधे बऱ्याच जणांचं स्वादुपिंड इन्सुलिन बनवायलंय, पण शरीर दाद देत नाही, आणि ॲडिपोनेक्टिन खाली गेलेलं. हे हार्मोन इन्सुलिनला मदत करतं आणि ते चरबीच्याच पेशी सोडतात, म्हणजे चरबी बिघडली की शुगर बिघडायचा एक रस्ता असा आहे. एकच हं, सगळा नाही. मामांना स्टेरॉइडही चालू होतं, त्यानं शुगर चढतेच, आणि कितीतरी जणांना डायबेटीस आधीपासून होता, फक्त कळला करोनात. ॲडमिट होतानाच तीन महिन्याची सरासरी शुगर (एचबीए१सी) केली असती तर जुनं की नवं हे कळलं असतं, मामांच्या फायलीत तो रिपोर्टच नाही, त्यामुळं आता नुसता अंदाज.

राहिलं मामांचं "चरबी हायच कुठं". पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मधे लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडच्या माणसाचं हे असंच असतंय, हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात आतड्यांभोवती, जिचं रक्त थेट लिव्हरकडं जातं. वजनकाट्यावर हे कळतच नाही.

मामांना फोटो दाखवला, ते म्हणले "त्यो डॉक्टर माझ्यापेक्षा बारीक दिसायलाय". मग शिवणकामाची टेप आणली. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे, बाईचा ८०. मामा म्हणले पँट ३४ ची हाय की, म्हणजे ८६ झाले, पास! अहो मामा, पँट तुम्ही पोटाच्या खाली बांधता, टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची, पोट आत न ओढता, श्वास सोडून. घेर ९७ भरला. मामा म्हणले टेप जुनी हाय, ताणली असंल.