आमची वाटचाल : वरच्या मजल्यांवर पुन्हा वर्दळ

जळगावात कुणाला पत्ता सांगायचा तर 'सतरा मजलीजवळ' एवढं पुरतं. नगरपालिकेच्या काळात उभी राहिलेली ती इमारत आज महापालिकेचं मुख्यालय आहे. 21 मार्च 2003 ला जळगावची महापालिका झाली आणि त्याच सुमारास आम्ही दोघा मित्रांनी भागीदारीत गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग सुरू केलं. भांडवल म्हणजे ओळखीच्या दुकानदाराने उधारीवर दिलेला माल आणि पारोळ्याकडचे एक कसलेले मिस्त्री. त्यांना आम्ही आबा म्हणतो.

खानदेशात गच्चीचं काम कधी संपत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. स्लॅब दिवसा प्रसरण पावतो, रात्री आकसतो, कोब्याला (गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या आणि सिमेंटच्या थराला) बारीक चिरा जातात आणि पहिल्या पावसात वरचा भाडेकरू मालकाला फोन करतो. आम्ही विटांचा कोबा नव्याने टाकायचो, वर चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर), कठड्याच्या कडेला गोलाई. काम चोख व्हायचं, पण काही इमारतींत ओल गच्चीतून येतच नव्हती. संडास-बाथरूमच्या डक्टमधला (पाइप नेण्याच्या उभ्या पोकळीतला) बिडाचा पाइप फुटलेला असायचा आणि पाणी थेट कॉलममध्ये मुरत असायचं. आतली सळई गंजत असताना गच्चीचे पैसे घेऊन घरी जाणं आम्हाला पटेना. तिथून आम्ही इमारत दुरुस्तीकडे वळलो.

ताज्या काँक्रीटचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) 12 ते 13 असतो आणि त्यात सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, सामू 9 च्या खाली येतो आणि ते संरक्षण जातं. मग ओल मिळायचा अवकाश, गंज धरतो. गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा मागतं, म्हणून वरचं काँक्रीट फुगून फुटतं. हे पाहायची एक साधी चाचणी आहे. कॉलमचा ताजा टवका काढायचा आणि त्या जागेवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग दाखवणारं रसायन फवारायचं. रंग गडद गुलाबी झाला तर काँक्रीटमध्ये जीव आहे. रंग आलाच नाही, तर कार्बन तिथवर पोचला आहे. ही चाचणी आम्ही मालकाला उभं करूनच करतो. रिपोर्टच्या पानांनी जे पटत नाही, ते त्या गुलाबी रेषेने पटतं.

नवी पेठ, बळीराम पेठ, स्टेशनचा परिसर, इथे सत्तर ते नव्वदच्या दशकांत पाच-सहा-सात मजली व्यापारी इमारती उभ्या राहिल्या. कापसाचे दलाल, ट्रान्सपोर्टवाले, वकील, विमा एजंट, सगळ्यांची ऑफिसं तिथे होती. पुढे लिफ्ट बंद पडल्या, पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक हायवेकडे सरकलं आणि वरचे मजले कबुतरांना राहिले. तळमजल्यावर मात्र आजही दुकानाला सोन्याचा भाव! त्या भाड्यावर घर चालतं, म्हणून मालक वर बघतच नाही. आमच्या मते शहराचं खरं नुकसान इथेच होतं.

अशीच ऐंशीच्या दशकातली एक सात मजली इमारत आमच्याकडे आली. राष्ट्रीय इमारत संहितेत 15 मीटर आणि त्यावरच्या इमारतीला हायराइज (उंच इमारत) म्हणतात, म्हणजे ही त्यात बसणारी. वरचे चार मजले बंद, गच्चीवर जाहिरातीचा लोखंडी सांगाडा. मालक भावाभावांमध्ये पाडायचं जवळपास ठरलं होतं. आम्ही म्हटलं, आधी तपासून घ्या, मग ठरवा. तसंही महापालिका अधिनियमाच्या कलम 265-अ प्रमाणे 30 वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करावंच लागतं. ऑडिट आम्ही स्वतः करत नाही, बाहेरच्या इंजिनियरकडून करवून घेतो. जो दुरुस्ती करणार त्यानेच रोग सांगू नये, हा आमच्या फर्मचा नियम आहे.

अल्ट्रासोनिक चाचणीत आवाजाची लहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते ते मोजतात. वेग जास्त आला तर काँक्रीट चांगलं, फार कमी आला तर शंकास्पद. बहुतेक कॉलम चांगले निघाले. खराबी होती ती डक्टलगतच्या रांगेत आणि पश्चिमेच्या भिंतीकडे. आबांचा हातोडा यंत्राच्या पुढे चालत होता. एक ठोका मारायचे, कान लावायचे, "भाऊ, आठे पोकळ शे," म्हणून खडूने गोल करायचे. त्या खुणांचा आणि यंत्राच्या आकड्यांचा मेळ बसलेला पाहून इंजिनियर साहेबांनी त्यांना शेजारी बसवून चहा पाजला.

मग पाडकाम टळलं. बीमखाली जॅक आणि टेकू लावून आम्ही कॉलमचं सैल काँक्रीट काढलं, सळया घासून गंज उतरवला, जुन्या कॉलममध्ये भोकं पाडून इपॉक्सीने (घट्ट चिकटणाऱ्या रसायनाने) नव्या सळया बसवल्या, रिंगा बांधल्या आणि भोवती मायक्रो काँक्रीटचं (बारीक खडीच्या काँक्रीटचं) जॅकेट, म्हणजे नवं कवच, ओतलं. हे काम उन्हाळ्यात आलं. दुपारी ओतलं तर पाणी उडून तडे जाणार, म्हणून ओतकाम पहाटे उरकायचं आणि जॅकेटभोवती ओलं बारदान गुंडाळायचं. ते बारदान जिनिंगवाल्या शेजाऱ्यांनी दिलं, पैसे घेतले नाहीत. ते वाळू नये म्हणून रात्रपाळीला एक माणूस फक्त पाणी मारायला ठेवला होता.

खरा विचार लागला तो मजल्यांचा वापर ठरवताना. जळगावात 2018 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, विद्यापीठ आहे, स्पर्धा परीक्षांची मुलं खेड्यापाड्यांतून येतात. मालकांना वसतिगृह आणि अभ्यासिका हवी होती. वसतिगृहाच्या खोल्यांसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात, जुन्या ऑफिसांपेक्षा कमीच, त्यामुळे वर मुलींचं वसतिगृह निर्धास्त बसलं. पुस्तकांच्या कपाटांचं तसं नाही. ओळीने रॅक लावले की भार त्याच्या तिप्पट होतो. म्हणून अभ्यासिकेची टेबलं दुसऱ्या मजल्यावर आणि पुस्तकं खाली, जिथे आधीच कापडाची गोदामं होती. गच्चीवरचा जाहिरातीचा सांगाडा उतरवला. मालकांना ते भाडं सोडणं जड गेलं, पण आम्ही हटलो नाही.

जिना एकच होता. झोपलेल्या मुलींच्या इमारतीला एक जिना पुरत नाही, म्हणून मागच्या गल्लीकडून लोखंडी जिना चढवला, पाण्याची टाकी आणि होजरील (आग विझवायच्या नळीचं रीळ) बसवले. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा तपासल्याचा दाखला द्यावा लागतो. ते काम आम्ही वार्षिक कराराने सांभाळतो आणि आज फर्मच्या मिळकतीत त्याचा वाटा चांगला आहे.

पाडून बांधायला हरकत काय, असं अजूनही विचारतात. पाडलं की आजचे सामासिक अंतराचे (इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेचे) आणि पार्किंगचे नियम लागू होतात, मधल्या काळात भाडेकरू उठतात आणि शेकडो ट्रक मलबा टाकायचा कुठे हा प्रश्न उरतो. मुंबईत नरिमन पॉइंटची 1974 मधली 23 मजली एअर इंडिया इमारत राज्य सरकारने 1,601 कोटींना घ्यायचं ठरवलं, ते तिथे सरकारी कार्यालयं नेण्यासाठी. राजधानीत उंच इमारतीला दुसरं काम मिळत असेल तर नवी पेठेत का मिळू नये?

आता आबांचा मुलगा आमच्याकडे अल्ट्रासोनिकचं यंत्र चालवतो. भुसावळ आणि अमळनेरहून दोन विचारणा आल्या आहेत, दोन्ही इमारती स्टेशनच्या जवळच्या. मालकांना आम्ही सांगितलंय की जुने नकाशे शोधून ठेवा, नसतील तर आम्ही मोजून काढू, आणि ऑडिट पावसाळा संपल्यावर लगेच करू, कारण ओल कुठून येते ते तेव्हाच भिंतीवर स्वच्छ दिसतं.