तुम्ही विचारलंत म्हणून: चांगली वेबसाइट आणि मोडी कागद

मला दोन प्रश्न नेहमी येतात, आणि बहुतेकदा एकापाठोपाठ. पहिला, "चांगली वेबसाइट कशी ओळखायची?" हा विचारतात धंद्यासाठी साइट करून घ्यायला आलेली मंडळी, नाहीतर नुकतंच कॉलेज संपवून या कामात उतरू पाहणारी मुलं. दुसरा, "दिवसभर स्क्रीनसमोर असता, मग फावल्या वेळात काय करता?" दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर मला बरंचसं तिथेच सापडलं. फावल्या वेळात मी मोडी कागद वाचते.

मोडी ही मराठीची जुनी, लिहिणाऱ्याच्या सोयीने घडलेली लिपी. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली, बोरू होता होईल तो न उचलता, अक्षरं लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. विरामचिन्हं नाहीत. दफ्तरात बसून भराभर पत्रं लिहिणाऱ्या कारकुनाला यापेक्षा सोयीचं दुसरं काय हवं होतं? आणि वाचणाराही त्याच पेशातला, त्याच वळणात मुरलेला, म्हणून सगळं नीट चालायचं. आज तोच कागद माझ्यासारखीच्या समोर आला की एकेक ओळ सोडवायला संध्याकाळ जाते.

तारखेचंच बघा. पत्रात "सन इहिदे सितैन मया व अलफ" असं येतं. हे अरबी आकडे आहेत: इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १०० आणि अलफ १०००. बेरीज ११६१. हा शुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली कालगणना. तो मृग नक्षत्राला सुरू होतो, म्हणून महिना पाहून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. उत्तर येतं इसवी सन १७६०-६१, पानिपतचं वर्ष. त्या काळच्या कारकुनाला यात काहीच अवघड नव्हतं. मला मात्र प्रत्येक वेळी कागद-पेन्सिल घ्यावी लागते, आणि खरं सांगायचं तर त्यातला आनंद मला दुसऱ्या कशात मिळत नाही.

पण हा आनंद छंदाचा झाला. वीजबिल भरायला आलेल्या माणसाला कोडं सोडवायचं नसतं. आणि रोज माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक साइट्स मोडी वळणाच्याच असतात. करणाऱ्याला आणि करवून घेणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, म्हणून त्यांना त्या सोप्या वाटतात. मेनू ऑफिसातल्या विभागांप्रमाणे लावलेला असतो. वर संचालकांचे फोटो आणि फोन नंबर पार तळाला. चांगली साइट मी यावरून ओळखते की ती बाहेरून येणाऱ्या, काहीच माहीत नसलेल्या माणसाकडे बघून केलेली आहे का.

शेजारच्या काकूंना एकदा एक ऑनलाइन अर्ज भरताना मी जवळून पाहिलं. नावाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव, यजमानांचं नाव आणि आडनाव लिहिलं, जसं आधार कार्डावर आहे तसं. साइटला पहिलं नाव वेगळं आणि आडनाव वेगळं हवं होतं, मधल्या नावाला जागाच नव्हती. सबमिट केल्यावर पानाच्या माथ्यावर लाल अक्षरांत "अवैध माहिती" आलं आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. काय अवैध, कुठे अवैध, काही नाही. काकूंनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला नाही गं जमत हे." मला फार राग आला. एक हुशार बाई, आयुष्यभर घराचा हिशेब चोख ठेवणारी, आणि एका निष्काळजी अर्जाने तिला वाटायला लावलं की चूक तिची आहे.

हे टाळायला फार विद्वत्ता लागत नाही. पूर्ण नावाला एकच रकाना द्या. चूक असेल तर त्या रकान्याशेजारीच सांगा, साध्या वाक्यात: "मोबाइल नंबरचे ९ आकडे आलेत, १० हवेत." भरलेलं काहीही पुसू नका. पिनकोडच्या रकान्यावर बोट ठेवलं की आकड्यांचाच कीबोर्ड उघडू द्या. फिकट पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं टाकू नका. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ हवा असं सांगितलंय, आणि तो मोजायची सोय ब्राउझरमध्येच आहे. बोटांनी पान मोठं करून पाहायची सोय बंद करणं हा तर मला वयस्कर माणसांवरचा सरळ अन्याय वाटतो.

मराठी साइटचा विषय निघाला की मी जास्त हट्टी होते. डिझाइन बहुतेकदा इंग्रजी मजकूर टाकून मंजूर होतं आणि मराठी मागाहून ओतलं जातं. रोमन अक्षरांना पुरणारं ओळींमधलं अंतर देवनागरीला पुरत नाही, कारण आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. एका ओळीतला "कर्तृत्व"चा ऋकार खालच्या ओळीतल्या "मूर्ती"च्या रफाराला जाऊन भिडतो. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघ जागोजागी तुटते. नवा फाँट आला की मी आधी त्यात "तऱ्हा, ऱ्हस्व, विठ्ठल, लक्ष्मी, ॲप" लिहून पाहते. यातला ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फाँटांत त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. मराठी वळणाचे ल आणि श मिळतात का तेही बघते. आता मुंबईच्या "एक टाइप" या फाँट करणाऱ्या संस्थेचा "मुक्ता" यासारखे उत्तम फाँट फुकट मिळतात, तेव्हा सबब उरलेली नाही.

आणखी एक गोष्ट, जी डोळ्यांना दिसत नाही. पानाच्या कोडमध्ये सुरुवातीलाच ते कोणत्या भाषेत आहे याची खूण करायची असते. कितीतरी मराठी पानांवर ती "इंग्रजी" अशीच राहून गेलेली असते. मग पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकाला आपली मराठी इंग्रजी आवाजात, वेडीवाकडी ऐकावी लागू शकते. दोन अक्षरं बदलायची असतात, बस. ती बदलली आहेत का हे मी कुठलीही साइट तपासताना सगळ्यात आधी पाहते.

वेगाबद्दल थोडक्यात: तुमची साइट ऑफिसच्या वायफायवर बघू नका. साधा फोन घ्या, मोबाइल डेटा लावा, एसटीत बसून उघडा.

मोडी कागदांना मी लिहिणाऱ्याच्या सोयीचे म्हटलं खरं, पण एका बाबतीत ते आपल्या पुढे आहेत. पत्र कुठे संपलं हे ते कधी संदिग्ध ठेवत नाहीत. शिवकाळातल्या पत्रांच्या शेवटी "मर्यादेयं विराजते" हा छोटा शिक्का, म्हणजे मोर्तब, असतो: मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही घुसडू नये. आता पैसे भरायच्या पानांकडे बघा. बटण दाबलं की चक्र फिरत राहतं, मग पान पांढरं होतं. पैसे गेले? पोचले? पुन्हा भरायचे? माणूस घाबरून बँकेला फोन लावतो. काम पुरं झालं असेल तर ते ठळकपणे सांगणं, रक्कम, तारीख आणि पावती क्रमांक त्याच पानावर देणं, आणि काम अडलं असेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगणं, याला मी मोर्तब म्हणते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना पहिलं काम मी हेच देते: मुखपृष्ठाला नंतर हात लावा, आधी शेवटचं पान करून आणा.

आणि मोडी शिकायची इच्छा असेल तर जरूर शिका. राज्याचं पुराभिलेख खातं प्रशिक्षण वर्ग घेतं. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्येही आहे, त्यामुळे सराव संगणकावर करता येतो; पण सुरुवात बोरूनेच करा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अजून न वाचलेले कागद ढिगाने पडून आहेत, आणि ते वाचणारी माणसं फार थोडी आहेत.