हायड्रोजन मोजून मॅग्नेशियमचं क्षरण काढताना: माझा अनुभव

सुटलेला हायड्रोजन मोजून मॅग्नेशियमचं क्षरण, म्हणजे गंजून झिजणं, काढायची पद्धत कागदावर अगदी सोपी आहे. पाण्यात मॅग्नेशियमचा एक अणू झिजला की हायड्रोजनचा एक रेणू सुटतो. 25 अंश सेल्सिअसला 1 मिलिग्रॅम धातूमागे जवळजवळ 1 मिलिलिटर. बीकरमध्ये नमुना, त्यावर पालथं नरसाळं, त्यावर द्रावणाने भरलेली पालथी ब्युरेट (मापाच्या खुणा आणि एका टोकाला कॉक, म्हणजे तोटी, असलेली काचेची नळी); वायू तिच्यात वर साठतो. नमुना घासणं, क्षेत्रफळ मोजणं, 3.5 टक्के मिठाचं पाणी करणं यात काही अडत नाही. वैताग येतो तो शेवटी. वजनातली घट एक सांगते, ब्युरेट त्याहून कमी.

माझा पहिला संशय दर वेळी वजनकाट्यावर जातो आणि काटा बहुधा निर्दोष निघतो. वायू द्रावणातच मुरलेला असतो. 25 अंशाला 1 लिटर शुद्ध पाण्यात एक वातावरण दाबाचा हायड्रोजन साधारण 18-19 मिली विरघळतो, खाऱ्या पाण्यात थोडा कमी. शिवाय बीकर उघडा असला तर विरघळलेला वायू वरच्या वर हवेत जातो आणि द्रावण नव्याने घेतच राहतं. भराभर झिजणाऱ्या नमुन्यात हे खपून जातं. दिवसाला 1-2 मिली सोडणाऱ्या नमुन्यात मात्र आकडाच कुचकामी होतो. म्हणून द्रावणात आधीच हायड्रोजन मुरावा यासाठी मी मॅग्नेशियमचा टाकाऊ तुकडा नरसाळ्याखाली झिजू देतो, मगच खरा नमुना ठेवतो. बीकर अरुंद घ्यावा, द्रावण ढवळू नये, हळू झिजणाऱ्या नमुन्याचं क्षेत्रफळ मोठं ठेवावं.

उलट दिशेची चूकही असते. ब्युरेटमधल्या वायूत पाण्याची वाफ मिसळलेली असते (25 अंशाला सुमारे 3.2 किलोपास्कल). शिवाय आत 30 सेंटिमीटर द्रावण उभं असेल तर दाब आणखी 3 किलोपास्कलने कमी. दोन्ही मिळून आकारमान सहा-सात टक्क्यांनी फुगतं. त्यामुळे दुरुस्ती न करता दोन्ही आकडे हुबेहूब जुळले तर मला आनंद होत नाही, शंका येते. प्रत्येक नोंदीशेजारी तापमान आणि हवेचा दाब लिहावाच.

आतला दाब बाहेरपेक्षा कमी असल्याने सैल कॉकमधून हवा आत शिरते. नमुन्याशिवाय भरलेली ब्युरेट रात्रभर ठेवा. पातळी उतरली तर कॉक बदला. नोंद घेण्यापूर्वी नरसाळ्याला टिचकी मारा, चिकटलेले बुडबुडे सुटतात.

द्रावण मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडने आधीच संपृक्त केलं तर पीएच (आम्लता-अल्कतेचं माप) 10.5च्या आसपास स्थिरावतो. नाहीतर तो चढत जातो आणि क्षरणाचा वेग मध्येच बदलतो.

शेवटी क्षरणाचा थर काढायला क्रोमिक आम्ल वापरतात (लिटरला 200 ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड, 10 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट). न झिजलेला कोरा तुकडाही त्यात बुडवून तोलावा आणि त्याची घट वजा करावी. हे द्रावण कर्करोगकारक आहे; हातमोजे घाला, सिंकमध्ये ओतू नका.