सोळा बार, आठवडा सहावा: ‘ण’ची अडचण

रॅपचे सोळा बार (एक बार म्हणजे चार ठोक्यांचा तुकडा) पुरे करूनच नोंद टाकेन म्हटलं होतं. झालेत अकरा. बीट, म्हणजे मागे वाजणारा ताल, मिनिटाला ९० ठोक्यांची, म्हणजे सोळा बार जेमतेम ४३ सेकंदांचे. पण श्वास कुठे चोरायचा, यातच दोन संध्याकाळी गेल्या.

विषय तोच. शाळेत ‘पानी’ म्हणालो की वर्ग हसायचा, मग मी ‘ण’ घोटला आणि घरची बोली गिळली. पहिला मसुदा शुद्ध भाषेत होता आणि ओळीओळीला ‘हसले, फसले, रुसले’. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे असली यमकं फुकट मिळतात आणि ऐकणाऱ्यालाही ती फुकटचीच वाटतात.

रविवारी वैतागून बोलीत म्हणून पाहिलं:

पानी म्हनलो, मानी झालो, ऐक आता वानी माजी

‘मानी’ इथे बसतो तो ‘न’मुळे. ‘पाणी’, ‘वाणी’ केलं की तो लगेच उपरा. ज्या अक्षरावरून हसू झालं, त्याच्यावरच अख्खी साखळी उभी! म्हणताना घसा दाटला. रेकॉर्डिंग वाया गेलं, पण पुसलं नाही.

तरी रॅपने माणूस बरा होतो वगैरे मी म्हणणार नाही. मानसशास्त्रज्ञ पेनेबेकरच्या १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं मनातली जखम लिहिली. लिहून झाल्या झाल्या त्यांना उलट वाईटच वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र डॉक्टरकडच्या खेपा कमी झाल्या. हे माहीत होतं म्हणून सोमवारच्या उदासीला घाबरलो नाही.

बीट काढून नुसतं स्पोकन वर्ड, म्हणजे संगीताविना म्हटलेली कविता, म्हणूनही करून पाहिलं. रडगाणं झालं. मी प्रत्येक शब्दावर रेंगाळत होतो. बीट कोणासाठी थांबत नाही, आणि मला तेच हवं होतं. (ज्यांना शांतता पेलते त्यांना सलाम.)

मध्येच आठवलं, १९७३ पासून न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या पार्ट्यांत गाण्यांचे ब्रेक, म्हणजे नुसत्या तालाचे तुकडे, लांबवणारा डीजे कूल हर्क मूळचा जमैकाचा. परक्या शहरात आलेल्या पोराचा हात या कलेच्या मुळाशी आहे, आणि मी इतकी वर्षं बोलीसाठी परवानगी शोधत बसलो होतो.

अडलंय नवव्या बारवर. ‘माजी’पाशी दम संपतो. तिथे एक शब्द कापू की पुढची ओळ अर्धा ठोका उशिरा उचलू? दोन्ही करून पाहतोय.